नावांचा क्रम कोणी ठरवायचा?

प्रश्न : एका राष्ट्रीय दुर्घटनेत मृत्युमुखी पडलेल्यांचे स्मारक उभारणाऱ्या समितीची मी सदस्य आहे. शिळेवर नावे वर्णानुक्रमे कोरावीत की हुद्द्यांनुसार, यावर आमच्यात तीव्र मतभेद आहेत. क्रमाला खरोखर एवढे महत्त्व असते का? – एक वाचक

उत्तर : फार असते. दगड, आकार आणि खर्च यांवर समित्यांच्या बैठकांमागून बैठका होतात. नावांची यादी मात्र शेवटी कारकुनी काम म्हणून उरकली जाते. वास्तविक स्मारकापाशी येणारा नातेवाईक सर्वांत आधी आपल्या माणसाचे नाव शोधतो आणि त्यावर हात ठेवतो.

वॉशिंग्टन येथे १९८२ मध्ये उभारलेल्या व्हिएतनाम युद्ध स्मारकाच्या भिंतीवर ५८,००० हून अधिक नावे आहेत. स्मारकाची रचना करणाऱ्या माया लिन यांनी ती मृत्यूच्या कालक्रमाने लावली आणि हुद्दे गाळले. वर्णानुक्रम स्वीकारला असता, तर एकाच आडनावाच्या लांबलचक रांगेत माणूस हरवला असता. कालक्रमामुळे एकाच दिवशी पडलेले सोबती भिंतीवरही एकत्र राहिले. नाव शोधण्यासाठी तेथे वर्णानुक्रमाची सूची वेगळी ठेवलेली असते, म्हणजे ती सोयही सुटलेली नाही.

न्यूयॉर्कमध्ये २०११ साली खुल्या झालेल्या, ९/११ च्या दहशतवादी हल्ल्यांच्या स्मारकात याहून पुढचे पाऊल टाकले गेले. तेथील २,९८३ नावांचे ढोबळ गट पाडल्यानंतर कोणाचे नाव कोणाशेजारी असावे, हे कुटुंबीयांना विचारण्यात आले. अशा बाराशेहून अधिक विनंत्या आल्या आणि त्यांनुसार भावंडे, मित्र, सहकारी शेजारी-शेजारी कोरले गेले. हे काम अतिशय किचकट होते, तरीही ते करण्यासारखेच होते, असे मला मनापासून वाटते.

म्हणून हुद्द्यांचा आग्रह सोडावा, असे मी स्पष्टपणे सुचवेन. जिवंतपणीची उतरंड मृत्यूनंतर दगडात कोरून ठेवण्याचा अधिकार समितीला नाही. आधी प्रत्येक कुटुंबाची संमती घ्या, शेजाराबद्दल विचारा आणि कोरण्यापूर्वी नावाचे शुद्धलेखन त्यांच्याकडूनच तपासून घ्या.

आणखी एक गोष्ट. हिरोशिमाच्या स्मारकातील दगडी पेटीत मृतांच्या नामावल्या ठेवलेल्या आहेत आणि दरवर्षी ६ ऑगस्टला, मधल्या वर्षात निधन झालेल्या अणुबॉम्बग्रस्तांची नावे त्यांत घातली जातात. आपल्या दुर्घटनेतील जखमींपैकीही कोणी पुढे दगावू शकते, एखाद्याची ओळख उशिरा पटू शकते. तेव्हा शिळेचा काही भाग आताच कोरा ठेवा.