ताप उतरला, पण प्लेटलेट ८० हजार, घाबरायचं का?

तुम्ही नाशिकला सिडकोत राहता, वडिलांचा डेंग्यूचा ताप पाचव्या दिवशी उतरला आणि प्लेटलेट ८० हजार आल्या, असं लिहिलंय. आकड्यापेक्षा माणसाकडे बघा. डेंग्यूत खरी जोखीम ताप उतरल्यानंतरच्या २४ ते ४८ तासांत असते. तेव्हा रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपतं, रक्त घट्ट होतं आणि बीपी उतरू शकतं. म्हणून रिपोर्टमध्ये हिमॅटोक्रिटही (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) बघायला सांगा. तो वाढत असेल तर डॉक्टर सलाईनचं ठरवतील.

पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, काळी शी, लघवी कमी होणं, गळून जाणं किंवा हातपाय गार पडणं, यातलं एक जरी दिसलं तरी रात्र असो की पहाट, थेट दवाखाना गाठा.

रक्तस्राव नसेल तर ८० हजार असताना प्लेटलेट चढवत नाहीत. आमच्याकडे भावाच्या वेळी सगळी गल्ली पपईच्या पानांचा रस घेऊन आली होती! त्याच्या भरवशावर राहू नका. नारळपाणी, पेज, ओआरएस थोडं थोडं द्या (शुगर किंवा हृदयाचा त्रास असेल तर विचारून). तापाला फक्त पॅरासिटामॉल. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन अजिबात नको, रक्तस्राव वाढतो. आधीपासून ॲस्पिरिन चालू असेल तर डॉक्टरांना आजच सांगा.

आणि गच्चीतला पाण्याचा ड्रम नुसता ओतू नका, आतून घासा. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी कोरड्यातही काही महिने तग धरतात.