ओढ्यातले मासे आणि वनस्पती पकडून घरच्या टँकमध्ये ठेवता येतात का?

तुम्ही विचारलंय की जवळच्या ओढ्यातले छोटे मासे आणि पाणवनस्पती आणून टँकमध्ये टाकल्या तर जगतील का. जगतात. माझा टँक बराचसा असाच भरलाय. फक्त आधी वनस्पती, मग मासे. बहुतेक जण नेमकं उलट करतात.

त्याआधी नियम बघा. राखीव जंगल, अभयारण्य असेल तर तिथून काडीही उचलायची नाही. बाहेरही काही जातींना संरक्षण असतं, म्हणून मत्स्य विभागाकडे आधी चौकशी करा. आणि सापडतील तेवढे उचलू नका. पश्चिम घाटातला डेनिसन बार्ब, तो लाल पट्ट्याचा देखणा मासा, टँकवाल्यांसाठी बेसुमार पकडला गेला. आज तो धोक्यात आलेल्या जातींमध्ये मोजला जातो.

आता वनस्पती. हॉर्नवर्टला मुळंच नसतात, तोडलेला तुकडा पाण्यात सोडला की वाढतो. व्हॅलिस्नेरिया मुळासकट उपटण्यापेक्षा तिच्या धावत्या फांदीवरचं एखादं रोप तोडून घ्या, मूळ झाड जागेवर राहतं. पण आणलेलं काहीही थेट टँकमध्ये टाकू नका. पानं धुतली, गोगलगायी काढल्या, तरी चतुर आणि टाचणी या उडणाऱ्या किड्यांच्या काही जाती देठाच्या आत अंडी घालतात, ती धुऊन जात नाहीत. त्यांची अळी एकदा नीट बघाच: पानाला चिकटून निश्चल बसते आणि माशाचं पिल्लू जवळ आलं की खालचा ओठ घडी उलगडल्यासारखा पुढे फेकून त्याला धरते. डोळ्यांची पापणी लवायच्या आत खेळ खलास. म्हणून वनस्पती दोन-तीन आठवडे वेगळ्या बादलीत उजेडात ठेवा, रोज तळाशी बघा, काय वळवळतंय ते काढून टाका. माझं विचाराल तर ही बादलीच टँकपेक्षा जास्त बघण्यासारखी असते.

मासे पकडायचे ते आधी ओळखून. पृष्ठभागाजवळ तांबूस-केशरी पिल्लांचा घोळका दिसला की मोह होतो, पण ती बहुधा मरळीची पिल्लं असतात. खाली आई-बाप राखण करत असतात आणि तीच पिल्लं पुढे हातभर होऊन टँकमधलं सगळं फस्त करतात. मोठ्या जातींच्या पिल्लांना हात लावू नका. लहानच राहणारी, थव्याने फिरणारी जात घ्या, पाच-सहा पुरेत.

पिशवीत पाणी एक तृतीयांश, बाकी हवा, आणि सावलीत आणायचं. लिटरभर पाण्यात २० अंशांना साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात. वाहत्या पाण्यातल्या माशाला हा फरक जिवावर बेतू शकतो, म्हणून घरीही फिल्टरचा प्रवाह चांगला हवा. टँक आधीच सुरू करून त्यात अमोनिया पचवणारे जिवाणू बसू द्या, नाहीतर माशांनीच बाहेर टाकलेला अमोनिया त्यांना मारेल.

नव्या माशांना महिनाभर वेगळं ठेवा. पांढरे ठिपके, उवा, अंगात रुतलेले धाग्यासारखे कृमी, जे असेल ते तिथेच दिसेल. आणि एकदा घरी आणलेला मासा परत ओढ्यात सोडू नका, विशेषतः दुकानातल्या माशांबरोबर राहिला असेल तर अजिबातच नाही. त्याच्याबरोबर रोगही जातो.

खाण्याचं म्हणाल तर सुरुवातीला कोरडं खाद्य तोंडात घेऊन थुंकून टाकतात. डासांच्या अळ्या किंवा डॅफ्निया (पाण्यातले इवलेसे जीव) द्या, मग त्यातच थोडं थोडं कोरडं मिसळत जा. झाकण मात्र पहिल्या दिवसापासून घट्ट हवं. ओढ्यातले मासे फार उड्या मारतात, पहिल्या रात्री तर हमखास.