४ फुटी रीफ टँकमध्ये दोन वेव्हमेकर नेमके कुठे लावायचे?

तुमच्या रीफ टँकचं (खाऱ्या पाण्यातल्या कोरलच्या टँकचं) वर्णन वाचलं आणि माझाच टँक डोळ्यासमोर आला, सुरुवातीच्या वर्षातला. तुम्ही लिहिलंय: ४ बाय दीड बाय दीड फूट, डाव्या-उजव्या काचेवर एकेक वेव्हमेकर, म्हणजे टँकमधलं पाणी ढकलणारा पंप, तासाला ४००० लिटरचा, समोरासमोर, दोन्ही फुल जोरात. मधोमध वाळूत खड्डा, मागच्या उजव्या कोपऱ्यात दगडावर लालसर चिकट थर, आणि हॅमर कोरल दोन आठवडे फुलायला तयार नाही. आणि दुकानदार म्हणतोय तिसरा पंप घ्या. नका घेऊ, खरंच. तुमच्याकडे आहेत तेवढे पंप पुरेसे आहेत, फक्त ते एकमेकांशी भांडतायत.

आधी हिशोब बघा. टँकचं माप धरलं तर साधारण २५५ लिटर होतात, त्यातून दगड, वाळू, वरची मोकळी जागा वजा केली की खरं पाणी २०० लिटरच्या आसपास. दोन पंप मिळून तासाला ८००० लिटर म्हणजे पाण्याच्या ४० पट. हॅमर, टॉर्च, लेदर, झोआ अशा कोरलांचा मिक्स टँक असेल तर साधारण २० पट भरपूर होतात, ॲक्रोपोरासारखे एसपीएस (बारीक तोंडांचे, कडक सांगाड्याचे कोरल) ठेवायचे असतील तेव्हा ४० आणि पुढे. म्हणजे जोर कमी नाहीये, उलट नको तिथे जास्त आहे आणि हवा तिथे काहीच नाही. समोरासमोरून सारख्या जोराने आलेले दोन झोत मधे आपटतात, तिथून पाणी खाली जातं आणि वाळू उकरतं, तो तुमचा खड्डा. आणि दोघांची ताकद मधेच संपल्यामुळे मागच्या कोपऱ्यापर्यंत काही पोचतच नाही, तिथे घाण बसते आणि तिच्यावर सायनो (सायनोबॅक्टेरिया) येतो, तोच तुमचा लालसर थर.

मला हे खरं कळलं ते मालवणला. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्कलिंग करताना पाण्यात डोकं घातलं तर सगळं पाणी एकत्र पुढे जातं, क्षणभर थांबतं, मग एकत्र मागे येतं, आणि आपणही त्याच्याबरोबर. कुठेही नळीतून सोडल्यासारखा झोत नाही. आणि हे झालं लाटांचं, त्याच्यावर भरती-ओहोटी, जी साधारण सहा-सहा तासांनी पाण्याची दिशाच फिरवते. कोरलला एका जागी बसून हे सगळं मिळतं. त्याला उठून जाता येत नाही, त्यामुळे ऑक्सिजन, खाणं, अंगावरचा कचरा निघून जाणं, सगळं पाण्याच्या हालचालीवर. त्याच्या अंगाला लागून पाण्याचा एक पातळ स्तब्ध थर असतो, हालचाल चांगली असेल तर तो थर आणखी पातळ होतो आणि देवाणघेवाण सोपी होते. पण सतत एकाच बाजूने झोत आला तर एका बाजूचं मांस सांगाड्याच्या धारेवर घासून फाटतं आणि दुसऱ्या बाजूला घाण साठते. माझा एक टॉर्च कोरल असाच गेला, मला वाटत होतं लाइट कमी पडतोय, म्हणून मी लाइट वाढवत बसले आणि पंप तसाच त्याच्या तोंडावर. अजून वाईट वाटतं त्याचं.

तर आता तुमच्या टँकमध्ये काय करायचं. पंप समोरासमोर असणं यात काही चूक नाही, दोन्ही एकाच वेळी सारख्या जोराने चालवू नका एवढंच. दोन्ही पंप बाजूच्या काचांवरच ठेवा पण मधोमध नको, पुढच्या काचेच्या बाजूला सरकवा, पुढच्या काचेपासून चार-पाच इंच, आणि पाण्याच्या पातळीखाली तीन-चार इंच. तोंड अगदी थोडं पुढच्या काचेकडे वळवा म्हणजे झोत काचेला घासत लांबवर जाईल, समोरच्या भिंतीला लागून वळेल आणि दगडांच्या मागून परत येईल. यालाच फेरा म्हणा. डावा पंप एकटा चालला तर पाणी पुढून उजवीकडे आणि मागून डावीकडे फिरतं, उजवा एकटा चालला तर बरोबर उलट. म्हणजे तुमच्याकडे भरती आणि ओहोटी दोन्ही आहेत, फक्त पाळी लावायची. कंट्रोलरमध्ये डावा ७० टक्के, उजवा ३० टक्के असं सहा तास ठेवा, मग अदलाबदल, आणि मधे तासभर दोन्ही रँडम मोडवर कमी जोराने. ७० आणि ३० म्हणजे कागदावर तासाला ४००० लिटर, म्हणजे तुमचे ते २० पट झाले. (कंट्रोलरचे टक्के म्हणजे तंतोतंत तेवढंच पाणी असं नसतं, त्यामुळे आकड्यापेक्षा डोळ्यावर विश्वास ठेवा.) कंट्रोलर नसेल तर साधा टायमर प्लग लावून सहा-सहा तासांनी एक बंद एक चालू असं करता येतं, फक्त आधी बघून घ्या की वीज परत आल्यावर तुमचा पंप आपोआप सुरू होतो का आणि आधीचं सेटिंग लक्षात ठेवतो का.

हे सगळं व्यर्थ आहे जर दगड मागच्या काचेला टेकवून भिंत उभी केली असेल, आणि तुमच्या लिहिण्यावरून मला तसंच वाटतंय. परतीचं पाणी जाणार कुठून? काम मोठं आहे, अर्धा दिवस जाईल, पण दगड पुढे ओढा, मागे निदान हात जाईल इतकी जागा ठेवा, आणि एक लांब भिंत ठेवण्याऐवजी दोन ढीग करा, मधे खिंड. माझ्या टँकमध्ये पंप हलवून जितका फरक पडला त्याहून जास्त दगड हलवून पडला. हे करायच्या आधी मोठ्या सिरिंजने, मेडिकलमध्ये मिळते ती ५० मिलीची, दगडांवरची घाण उडवून घ्या आणि त्याच दिवशी पाणी बदला, नाहीतर सगळी घाण टँकभर होईल. सायनो एका दिवसात जाणार नाही, त्याला खाणं जास्त पडणं वगैरे बाकी कारणंही असतात, पण कोपऱ्यात हालचाल आली की तो परत जोर धरत नाही असा माझा अनुभव.

रिटर्न पंपाला यात मोजू नका. त्याचं काम संपमधून, म्हणजे खालच्या कॅबिनेटमधल्या फिल्टरच्या टाकीतून, पाणी वर आणणं, तीन ते पाच पट पुरे, आणि डब्यावर लिहिलेला आकडा उंची शून्य असतानाचा असतो, खालच्या कॅबिनेटमधून वर चढवताना बराच कमी होतो. पण त्याच्या नोझलचा एक उपयोग आहे, तोंड किंचित वर करून पृष्ठभाग हलता ठेवा. वर तेलकट साय धरली असेल तर ऑक्सिजनची ये-जा अडते. पाणी नुसतं थरथरलं पाहिजे, उसळून बुडबुडे आत जायला नकोत. वेव्हमेकर फार वर घेतला की भोवरा होऊन हवा ओढतो, आवाज येतो आणि टँकभर बारीक बुडबुडे, मग दोन बोटं खाली घ्या. आणि हो, नोझल पाण्यात खोल असेल तर लाइट गेल्यावर त्यातूनच पाणी उलटं संपमध्ये उतरत राहतं, संप भरून वाहतो. पाण्याच्या पातळीच्या जरा खाली पाइपला बारीक भोक पाडून ठेवा म्हणजे तिथे हवा शिरून सायफन तुटतो, आणि ते भोक महिन्यातून एकदा बघा, बुजतं. एकदा मुद्दाम मेन स्विच बंद करून संप किती भरतो ते डोळ्याने बघून घ्या.

लाइट गेल्यावरचा खरा धोका मात्र पाणी थांबण्याचा आहे. फिल्टर काही तास बंद राहिला तर चालतं, पण हालचाल नसेल तर ऑक्सिजन वेगाने उतरतो, रात्री तर जास्तच. शक्य असेल तर एक वेव्हमेकर घरच्या इन्व्हर्टरवर घ्या, डीसी पंप फार वीज खात नाही. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवरचा एअर पंप तरी घरात ठेवा.

आता बरोबर लागलंय हे ओळखायचं कसं. रात्री लाइट बंद करा, मोबाइलचा टॉर्च बाजूच्या काचेवरून मारा आणि फ्रोझन खाणं वितळवलेलं थोडं पाणी पंपासमोर सोडा. कण कसे जातात ते बघत बसा, घाई करू नका, मी तर खुर्ची घेऊन बसते. कण सगळीकडे फिरले पाहिजेत, आणि जिथे येऊन नुसते बसतात ती तुमची मेलेली जागा. मग पंप अगदी थोडा वळवा, एका वेळी एकच बदल, आणि आठवडाभर हात लावू नका. वाळू हा दुसरा साक्षीदार. उघडी काच दिसायला लागली तर झोत खाली लागतोय, पंप जरा वर वळवा. साखरेसारखी बारीक वाळू असेल तर ती थोडी उडणारच, पुढच्या वेळी एक-दोन मिलिमीटर दाण्याची घ्या. आणि तिसरा साक्षीदार स्वतः हॅमर. त्याच्या बोंडांनी डोललं पाहिजे आणि परत सरळ व्हायला पाहिजे. सगळी एकाच बाजूला चिकटून पडली असतील तर जोर जास्त, अजिबात हलत नसतील तर कमी. त्याला खाली, ढिगाच्या आडोशाला ठेवा. तो जागेवर आल्यावर दोन-तीन दिवसांत फुलला नाही तरी परत परत उचलू नका.

पंप दोन-तीन महिन्यांनी काढून धुवा. इम्पेलरवर, म्हणजे आतल्या फिरत्या पात्यावर, चुन्याचे थर बसतात आणि जोर इतका हळूहळू कमी होतो की लक्षातच येत नाही, मग लोक नवीन पंप घेतात. व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, तासभर बुडवायचं, जुन्या टूथब्रशने घासायचं, साध्या पाण्याने धुवायचं. तेव्हाच मॅग्नेटच्या प्लास्टिकला चीर तर नाही ना ते बघा, आतला मॅग्नेट गंजला की कोरलला भोगावं लागतं. मॅग्नेट तुमच्या काचेच्या जाडीला चालणारा आहे ना तेही बघा, कारण रात्री पंप सुटून वाळूत पडला तर सकाळी टँक दिसत नाही. आणि वायर प्लगकडे जाण्याआधी खाली झोळ देऊन न्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोळातून खाली पडतं, प्लगमध्ये जात नाही.

शेवटी तुम्ही लिहिलंय की पुढच्या महिन्यात बबल टिप ॲनिमोन (समुद्रफूल) आणणार आहात. तो यायच्या आधी दोन्ही पंपांवर स्पंजचं किंवा जाळीचं गार्ड चढवा, आल्यावर नाही. ॲनिमोनला जागा आवडली नाही तर तो रात्रभर फिरतो आणि फिरत फिरत थेट पंपाकडे जातो. माझ्याकडे हे झालंय, सकाळी पाणी दुधासारखं होतं, ॲनिमोन तर गेलाच आणि दुपारपर्यंत दोन मासेही गेले. गार्ड लावलं की जोर थोडा कमी होतो, तर टक्के थोडे वाढवा, आणि स्पंज दर आठवड्याला धुवा, तो तुंबतो. ॲनिमोनने एक जागा धरून महिना झाला तरीही मी गार्ड काढत नाही.