मन आणि आत्मा एकच असतात का?

नाही, एकच नाहीत, आणि इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो कारण आपण बोलताना "मन", "अंतरात्मा" सगळं सरसकट वापरतो. वेदांतात आतल्या यंत्रणेला अंतःकरण म्हणतात, तिची कामं चार. पहाटे ५ चा अलार्म वाजतो ना, तेव्हा बघा, "उठू की नको, अजून दहा मिनिटं" ही जी घालमेल चालते ते मन, "चल, उठायचंच" असं ठरवते ती बुद्धी, काल झोपून राहिलो नि दिवसभर चुटपुट लागली ही आठवण साठवलेली असते चित्तात, आणि "मी आळशीच" म्हणणारा तो अहंकार (इथे अहंकार म्हणजे गर्व नव्हे, मीपणा).

आता हे सगळं चाललंय हे कळतं कुणाला? तो साक्षी, तोच आत्मा. कठोपनिषदात रथाचं उदाहरण आहे: शरीर रथ, इंद्रियं घोडे, मन लगाम, बुद्धी सारथी आणि आत्मा आत बसलेला रथाचा मालक. मला हे फार आवडतं, कारण लगाम सारथ्याच्या हातात असतो, मालकाच्या नाही.

सांख्यवाले (सांख्य हे भारतातलं एक जुनं दर्शन) तर मन-बुद्धीला जडच मानतात, प्रकृतीतून म्हणजे मूळ जड तत्त्वातून आलेली, चेतन फक्त पुरुष (इथे पुरुष म्हणजे माणूस नव्हे, आत्मा).