टाइलवरचा डोंगर नेमका कुठला? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही कार्डिफला राहतो. मागच्या महिन्यात वेल्समधल्याच डोल्गेथ्लाय गावाला फिरायला गेलो होतो, तिथून हाताने रंगवलेल्या बारा टाइल्सचा सेट आणला. चार आडव्या, तीन उभ्या, एकेक टाइल साधारण १५ सेंटिमीटरची. चित्रात मधे काळपट तळं आहे, मागे अर्धगोल कडा, कड्याला टेकून बसलेला एक प्रचंड माणूस, त्याच्या पायाशी तीन दगड आणि वर चांदण्या. घरात सगळे म्हणतायत हा स्नोडन. विकणाऱ्या बाई मात्र 'इथे झोपलं की कवी होतो' असं काहीतरी सांगत होत्या, ते नीट कळलंच नाही. हा डोंगर कुठला आणि गोष्ट काय?

उत्तर : ताई, ते तीन दगड वाचले आणि माझी शंकाच मिटली, हा स्नोडन नाही, हा कादेर इद्रिस! वेल्श स्पेलिंग बघितलं तर पहिला शब्द 'कादाइर' असा आहे पण बोलताना लोक कादेरच म्हणतात. कादेर म्हणजे खुर्ची, म्हणजे इद्रिसची खुर्ची. एररी, म्हणजे स्नोडोनिया, नॅशनल पार्कच्या दक्षिण भागात, तुम्ही गेलात त्या डोल्गेथ्लायच्या अगदी डोक्यावर, उंची ८९३ मीटर. स्नोडन वेगळा, तो १०८५ मीटर, वेल्समधला सगळ्यात उंच. त्याला आता पार्कवालेसुद्धा अर विद्वा या वेल्श नावानेच बोलावतात, २०२२ मध्ये तसा ठराव झाला. त्याचीही राक्षसाची गोष्ट आहे, राजांच्या दाढ्या कापून त्यांचा झगा शिवणारा रीता गाउर, त्याला राजा आर्थरने मारलं आणि शिखरावर पुरलं म्हणतात, त्यामुळे घरच्यांचा गोंधळ होणं साहजिक आहे. पण तुमच्या चित्रातला माणूस जिवंत आहे, बसलाय, आकाशाकडे बघतोय. इद्रिसच तो. तो डोंगराएवढा होता आणि या खुर्चीत बसून तारे बघायचा अशी समजूत आहे.

आता दगडांचं. चालताना त्याच्या जोड्यात खडे गेले, टोचायला लागले म्हणून त्याने जोडा झटकला आणि पडलेले ते तीन खडे म्हणजे खिंडीतल्या एका छोट्या तळ्यापाशी असलेल्या तीन शिळा. तळ्याचं वेल्श नावही 'तीन खड्यांचं तळं' असंच आहे. ज्याने तुमचं पॅनल रंगवलंय त्याला ही गोष्ट घरातून मिळालेली असणार असं मला वाटतं, कारण बाहेरचा माणूस राक्षस आणि तळं काढून थांबतो, जोड्यातले खडे काढायचं त्याला सुचत नाही.

आणि झोपायची गोष्ट अशी, की जो कोणी एक रात्र त्या खुर्चीत झोपेल तो सकाळी एकतर कवी होऊन उठेल नाहीतर वेडा होऊन, आणि काहीजण तिसरं सांगतात की तो उठणारच नाही. रात्री पाताळातले शिकारी कुत्रे याच डोंगरावर फिरतात असंही म्हणतात. मी मिनफोर्डच्या बाजूने चढले होते, आधी ओकच्या झाडीतून दगडी पायऱ्या, चढ असा की दम निघतो, मग झाडी संपते आणि वळसा घेतला की एकदम ते तळं समोर येतं, त्याचं नाव 'थ्लिन-काय', थ्लिन म्हणजे तळं. तीन बाजूंनी कडे, भर दुपारीसुद्धा पाणी शाईसारखं, वारा थांबला की इतकी शांतता की आपलाच श्वास ऐकू येतो. तिथे उभं राहिलं की ही गोष्ट कोणाला का सुचली असेल हे सांगावं लागत नाही.

बरेच जण त्या खोलगट जागेला ज्वालामुखीचं तोंड समजतात. ते बरोबर नाही. खडक ज्वालामुखीचाच, सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वीचा, पण खुर्चीचा आकार हिमयुगातल्या बर्फाने कोरलाय, वेल्शमध्ये अशा खोलगट जागेला कूम म्हणतात. रिचर्ड विल्सन या वेल्श चित्रकाराने अठराव्या शतकात हेच तळं रंगवलं, ते चित्र लंडनच्या टेट संग्रहात आहे, आणि त्यानेही कडे जसेच्या तसे न काढता मनासारखे सरळ, साधे केलेत. त्यामुळे तुमच्या टाइल्सवरचा कडा फोटोशी जुळला नाही तर खट्टू होऊ नका.

प्रश्न : हाच सेट स्वयंपाकघरात गॅसच्या मागे लावू की बाहेर बागेच्या भिंतीवर? घर भाड्याचं आहे, पुढे बदलावं लागेल.

उत्तर : दोन्ही नको! हे मी अगदी कळकळीने सांगतेय. हाताने केलेल्या अशा टाइल्स बहुतेक वेळा अर्दनवेअर असतात, म्हणजे कमी तापमानाला भाजलेली सच्छिद्र माती, ती वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ शकते. वेल्समधला पाऊस मागच्या बाजूने आत मुरतो, मग हिवाळ्यात तेच पाणी गोठतं, गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि वरच्या ग्लेझचे, म्हणजे काचेसारख्या चकचकीत थराचे, टवके उडतात. एखाद्या हिवाळ्यात इद्रिसचा चेहरा गेला तर तो परत येत नाही. गॅसच्या मागे दंव नाही, पण तेलाची वाफ आहे, ग्लेझला केसासारखे बारीक तडे असतील तर त्यात तेल शिरून पिवळ्या रेषा पडतात आणि त्या निघत नाहीत.

त्यात घर भाड्याचं, म्हणजे भिंतीला थेट चिकटवायचा प्रश्नच येत नाही, काढताना फुटणार म्हणजे फुटणार. पॅनल फळीवर बसवा. आधी जमिनीवर चादर टाकून बाराही टाइल्स कोरड्या मांडा, फोटो काढा, प्रत्येकीच्या पाठीवर पेन्सिलने नंबर घाला. हाताच्या टाइल्स एका मापाच्या नसतात, एखादी दोन मिलीमीटर मोठी निघतेच, ते चिकटवायच्या आधी कळलेलं बरं. मग सिमेंट बोर्ड किंवा जाड प्लाय, त्यावर लवचिक प्रकारचं टाइल अॅडेसिव्ह, आणि भिंतीवर टांगायला तिरक्या कापलेल्या दोन पट्ट्या, एक भिंतीला, एक फळीला, एकीत एक अडकते. एक टाइल ३०० ग्रॅमच्या आसपास धरली तरी फळीसकट पाच-सहा किलो होतात, एका खिळ्यावर विश्वास ठेवू नका, आणि स्क्रू मारायच्या आधी घरमालकांना विचारा. जागा म्हणाल तर जिन्याची भिंत किंवा जेवणाच्या टेबलामागची, जिथे खिडकीचा उजेड बाजूने पडतो, म्हणजे ग्लेझ चमकतं पण चित्र पुसलं जात नाही.

ग्राउट, म्हणजे टाइल्समधल्या फटी भरायचा लगदा, पांढरं घेऊ नका. पांढऱ्या रेषांनी डोंगराची जाळी होते, फिकट राखाडी घ्या, सांधा दोन मिलीमीटरचा पुरे. त्याआधी ओल्या फडक्याने टाइल पुसून बघा, बारीक रेषा काळपट उठल्या तर तडे आहेत, मग तडे बुजवणारं सीलर लावल्याशिवाय ग्राउटला हात लावायचा नाही.

कार्डिफलाच आहात तर गोल्डन क्रॉस नावाचा जुना पब आत जाऊन बघा, तिथे भिंतीवर कार्डिफ कॅसलचं टाइल्सचं चित्र आहे. सांधे चित्रातून कसे नेलेत ते जवळून बघा.

प्रश्न : मी स्वान्सीला पॉटरी शिकते. कादेर इद्रिसचं पॅनल करायला घेतलं, पण टाइल्स वाकल्या आणि निळा रंग कड्यावरून तळ्यात उतरला. काय चुकलं?

उत्तर : वाकल्या म्हणजे वाळवण्यात घाई झाली. ग्रॉग, म्हणजे भाजलेल्या मातीचा चुरा, असलेली माती घ्या, कापलेल्या टाइल्स दोन जिप्सम बोर्डच्या मधे ठेवा, रोज उलटा, आठवडाभर तरी वाट बघा. माती वाळून भाजून सगळी मिळून १० टक्क्यांच्या आसपास आकसते, म्हणजे १५ सेंटिमीटर हवे असतील तर साडेसोळा-सतरा कापायचे, पण तुमच्या मातीचा एक तुकडा आधी मोजून भाजून बघा.

रंग उतरतोय त्याला उपाय ट्यूबलायनिंग. पातळ केलेली माती, म्हणजे स्लिप, रबरी फुग्याला नळी लावून त्यातून मेंदीच्या कोनासारखी पिळायची आणि ओलसर टाइलवर डोंगराची रेषा उचलून काढायची. भाजल्यावर ती रेषा बांधासारखी उभी राहते आणि ग्लेझ आपापल्या वाफ्यात राहतं. मिंटनसारख्या मोठ्या ब्रिटिश कारखान्यांनी हे भरपूर केलं. वेल्सला लागून असलेल्या इंग्लंडमधल्या श्रॉपशरमध्ये, जॅकफील्डला टाइल म्युझियम आहे, जमलं तर एक दिवस काढाच. तळ्याची जागा किंचित खोल दाबून घ्या, तिथे ग्लेझ साचतं आणि आपोआप गडद होतं, थ्लिन-कायचा तो काळा निळा असाच मिळतो. निळा रंग देणारं कोबाल्ट मात्र जपून, ग्लेझमध्ये एक टक्का टाकलात तरी निळा ओरडायला लागतो, आणि या डोंगराचा निळा राखाडीकडे झुकलेला आहे. उतारावरच्या वाळलेल्या ब्रॅकनच्या, म्हणजे रानटी नेच्याच्या, तांबूस रंगाला आयर्न ऑक्साइड घ्या.

आणखी एक, चित्र अख्ख्या मातीच्या पाटावर काढा, मग कापा, म्हणजे रेषा जुळतात. कापताना शिखर सांध्यावर येऊ देऊ नका. माझ्या पहिल्या पॅनलमध्ये ते आलं, दोन्ही टाइल्स वेगवेगळ्या आकसल्या आणि माथा दोन तुकड्यांचा झाला, अजून डोळ्यांना टोचतो.

प्रश्न : रेक्समला सेकंडहँड सामानात याच डोंगराची एक टाइल मिळाली. हाताची की छापील, कसं ओळखू?

उत्तर : भिंग घ्या. रंगाचे सारखे बारीक ठिपके दिसले तर छापील, कुंचल्याचा ओघ दिसला, कुठे रंग जाड कुठे विरळ, तर हाताची. डोळे मिटून बोट फिरवा, रेषा उंच लागली तर ट्यूबलायनिंग असू शकतं, पण साच्यातून दाबूनही उंच रेषा काढतात, मग सगळीकडे ती एकाच जाडीची लागते, हाताची रेषा सुरू होते तिथे आणि संपते तिथे छोटा थेंब राहतो. आणि पाठ घासून धुऊ नका, पेन्सिलचा नंबर, सही किंवा जुनं लेबल असेल तर ते तिथेच असतं.