क्रूझचा नांगर पडतो तेव्हा खाली कोरलचं काय होतं

ताई, तुम्ही लिहिलंय की लक्षद्वीपच्या क्रूझचं बुकिंग करायचंय आणि मिस्टर म्हणतात एवढ्या मोठ्या समुद्रात एका नांगराने असं किती कोरल, म्हणजे प्रवाळ, तुटणार. मी 14 वर्षं बोटीवर डेकला होतो, त्यातली पाच क्रूझवर, आता नेरूळला असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नांगरापेक्षा जास्त नुकसान साखळी करते. साखळी तळाशी आडवी पडली तरच नांगर नीट पकड धरतो, म्हणून पाण्याच्या खोलीच्या चार-पाच पट तरी सोडावी लागते. साखळी शॅकलमध्ये मोजतात, एक शॅकल म्हणजे साडेसत्तावीस मीटर, मोठ्या बोटीवर तेवढ्याचंच वजन काही टन, आणि अशा बऱ्याच शॅकल पाण्यात असतात. मग वारा फिरला, भरतीची ओहोटी झाली की बोट फिरते आणि साखळी तळावरून झाडू मारल्यासारखी सरकते. आपल्या वाशीच्या खाडीत खाली चिखल, त्यामुळे आपल्याला हे कधी जाणवत नाही. खाली कोरल असेल तर उभं आहे ते सगळं आडवं.

कॅरिबियनमध्ये सेंट जॉन बेटाजवळ, तेही नॅशनल पार्कात, ऑक्टोबर 1988 ला एका क्रूझने नांगर टाकला. चरा पडला 128 मीटर लांब आणि 3 मीटर रुंद, म्हणजे आपल्या लोकलचे सहा डबे ओळीने ठेवा, साधारण तेवढा. दहा वर्षांनी तपासलं तरी तिथे कोरल म्हणावं तसं परत आलेलं नव्हतं. कारण मोठे दगडासारखे कोरल वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतात, आणि तुटलेला चुरा लाटांनी हलत राहतो त्यामुळे नवीन पिल्लांना चिकटून बसायला पक्की जागाच मिळत नाही.

मी स्वतः पाहिलंय. एका बेटावर नांगर उचलताना मी होज घेऊन साखळी धुवायला उभा होतो. नेहमी चिखल नाहीतर वाळू निघते, त्या दिवशी कड्यांमध्ये तुकडे अडकून आले, वरून तपकिरी, तुटल्या जागी पांढरेशुभ्र, हाताला बुळबुळीत, म्हणजे जिवंत होते. सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, बराच वेळ काही बोलला नाही. आणि चार्टवर, म्हणजे समुद्राच्या नकाशावर, ती जागा नांगर टाकायची म्हणूनच दाखवलेली होती, बोटीवर कोणी नियम मोडला नव्हता! तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय की भांडायचं तर ती जागा कुठे ठरवली यावर भांडावं, एकट्या कॅप्टनवर नाही.

उपाय आहेत. तळाशी पक्का बांधलेला कायमचा तरंगता बोया टाकून त्याला बोट बांधता येते, आणि नवीन बऱ्याच क्रूझवर थ्रस्टर (बोटीला बाजूला ढकलणारे पंखे) आणि जीपीएसच्या जोरावर नांगर न टाकता एका जागी थांबता येतं, डिझेल जळतं पण तळाला धक्का नाही.

लक्षद्वीपला आतलं लगून, म्हणजे कोरलच्या कड्याआतलं पाणी, उथळ, म्हणून मोठी बोट बाहेर थांबते आणि प्रवाशांना लहान बोटींनी नेतात. बुकिंगवाल्यांना सरळ विचारा की लोक उतरवताना बोट नांगरावर असते की इंजिनावर, आणि त्या लहान बोटी कशाला बांधतात. त्यांना माहीत नसेल तर बोटीवर विचारून कळवा म्हणावं. मालवणला स्नॉर्कलिंगला जाल तेव्हाही बोटवाल्या दादाला नांगर टाकायच्या आधीच सांगा की वाळू बघून टाका, आम्ही थोडं जास्त पोहू.