सात चक्रं आणि खडूसारखी रेघ

प्रश्न : माझा मुलगा अडीच वर्षांचा आहे. गेल्या महिन्यात त्याच्या प्लेग्रुपमध्ये कुणी बाई आल्या आणि मुलांच्या दहाही बोटांचे ठसे घेऊन, पैसे घेऊन रिपोर्ट देऊन गेल्या. याच्या सात बोटांवर चक्रं आहेत, ‘अशा मुलांचे दात किडतातच’ असं त्यात लिहिलंय. त्याच्या वरच्या पुढच्या दातांवर खरंच पांढरट पट्टा दिसतो, एका दातावर तपकिरी ठिपकाही आहे. रात्री तो साखर घातलेलं दूध बाटलीतून पीतच झोपतो. सासूबाई म्हणतात, दुधाचे दात पडणारच आणि बोटावरचं लिहिलेलं कुणाला पुसता येतं? मी काय करू?
– एक आई, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, बाटलीचं ते एक वाक्य मी दोनदा वाचलं. पण आधी ठशांबद्दल बोलू, नाहीतर ती सात चक्रं तुमच्या मनातून जायची नाहीत.

बोटांवरच्या रेघा बाळ पोटात असताना, साधारण तिसऱ्या महिन्यात उमटायला लागतात आणि सहाव्या महिन्यापर्यंत पक्क्या होतात. दुधाचे दातही त्याच काळात हिरडीत घडत असतात. बोटावरची कातडी आणि दातावरचं कडक आवरण, म्हणजे इनॅमल, दोन्ही गर्भाच्या बाहेरच्या थरातूनच येतात. म्हणून एकाची खूण दुसऱ्यात सापडेल का, असं संशोधकांना वाटलं, आणि त्यात गैर काही नाही. आपल्याकडच्या दंत महाविद्यालयांतही असे अभ्यास झालेत. पण ते बहुतेक थोड्याच मुलांवर झालेले आहेत आणि त्यांचा एकमेकांशी मेळ बसत नाही. शिवाय चक्र काही दुर्मीळ नाही. माणसांच्या बोटांवर वळसे, ज्यांना आपण शंख म्हणतो, ते साधारण ६० ते ६५ टक्के, चक्रं ३० टक्क्यांच्या आसपास आणि साध्या कमानी जेमतेम ५ टक्के असतात. तेवढ्यावरून एका लेकराच्या नावापुढे ‘किडतातच’ असं लिहून देणं मला अजिबात पटत नाही. असा कागद हातात पडला की आई हातपाय गाळते. आणि ज्याला ‘किडणार नाहीत’ असा शेरा मिळाला, त्याच्या घरी ब्रशकडे कोण लक्ष देणार?

आता एक करा. सकाळी मुलाला खिडकीपाशी मांडीवर निजवा, त्याचं डोकं तुमच्या पोटाकडे. वरचा ओठ अलगद उचला आणि दात कापसाने कोरडे करा. हिरडीला लागून खडूने ओढल्यासारखी पांढरी रेघ दिसेल. तिथलं इनॅमल विरघळायला लागलंय. मग खालचे पुढचे चार दात बघा. ते बहुधा स्वच्छ असतील. दोष चक्रांचा असता तर खालचे दात सुटले असते का? बाटली तोंडात असताना जीभ खालच्या दातांवर येते, तिथे लाळही भरपूर असते. वरच्या दातांभोवती मात्र गोड दूध साचून राहतं. झोपेत लाळ कमी होते, त्यामुळे ते धुतलं जात नाही. तोंडातले जंतू त्या साखरेचं आम्ल करतात आणि ते रात्रभर इनॅमल खात राहतं.

सासूबाईंनाही हे वाचून दाखवा. पुढचे दात वयाच्या सहाव्या-सातव्या वर्षी पडतात, पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत लागतात. दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागेतली तीन वर्षांची मुलगी माझ्याकडे आली होती. ऑक्टोबर छाटणीचे दिवस, आईबाप पहाटेपासून बागेत, म्हणून पोरीच्या हाती बाटली आणि फ्रॉकच्या खिशात बेदाणे. आजीने मोठ्या मायेने भरलेले. दाढांच्या खाचांत ते चिकटून बसायचे. गाल सुजला, तीन रात्री पोर झोपली नाही आणि आजी दारात उभी राहून रडत होती. सासूबाईंची मायाही तशीच असणार, तिला दोष देऊ नका.

पांढरी रेघ अजून परतवता येते. बाटलीतली साखर आजपासून बंद. दुधात रोज थोडं थोडं पाणी वाढवत न्या, आठ-दहा दिवसांत रात्री नुसतं पाणी उरेल. चार दिवस रडारड होईल, तेवढं सोसा. दूध कपाने, जेवणाच्या वेळी द्या. ब्रश सकाळी आणि झोपताना तुम्ही स्वतः करा, त्याच्या हातावर सोडू नका. टूथपेस्ट फ्लोराइडची, १००० पीपीएम लिहिलेली, तांदळाच्या दाण्याएवढीच. तो तीन वर्षांचा झाला की वाटाण्याएवढी. एकाच चमच्याने त्याला भरवणं आणि स्वतः खाणंही थांबवा, आपल्या तोंडातले जंतू तसे त्याच्याकडे जातात.

तपकिरी ठिपका मात्र याच आठवड्यात बालदंतरोगतज्ज्ञांना दाखवा. पंचवटीतल्या दंत महाविद्यालयातही मुलांचा विभाग आहे. दातांवर फ्लोराइडचा लेप लावायला काही मिनिटं पुरतात, सुई लागत नाही. कीड खोल नसेल तर ती तिथेच थांबवता येते. जाताना ठशांचा रिपोर्ट घरीच राहू द्या, रात्रीची बाटली तेवढी सोबत न्या आणि त्यात किती चमचे साखर पडायची ते डॉक्टरांना नीट सांगा.